ग्वाल्हेरचा महाल, भोपाळची खुर्ची

आमदार फुटले आणि काँग्रेसचं सरकार कोसळलं, असे मध्य प्रदेशात दोन गाजलेले प्रसंग झाले. पहिला जुलै १९६७ मधला, दुसरा मार्च २०२० मधला. पहिल्या वेळी मुख्यमंत्री होते द्वारकाप्रसाद मिश्र, दुसऱ्या वेळी कमलनाथ. दोन्ही वेळा सूत्रं ग्वाल्हेरच्या जयविलास महालातून हलली. आजी विजयाराजेंनी एक सरकार घालवलं, नातू ज्योतिरादित्यांनी दुसरं. आणि दोन्ही वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली भलत्याच कुणी.

शिंदे घराण्याच्या राजकारणावर आजवर ढिगाने लिहून झालं आहे. मायलेकाचं भांडण, इस्टेटीचे दावे, या पक्षातून त्या पक्षात उड्या, सगळ्याची चर्चा झाली. पण एक साधी गोष्ट त्या गदारोळात बाजूला पडते. १९५६ साली आजचा मध्य प्रदेश जन्माला आला. तेव्हापासून आजवर या घराण्यातलं कुणीही त्या राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर बसलेलं नाही. दिल्लीत मंत्रिपदं मिळाली. शेजारच्या राजस्थानात घराण्याच्या कन्या वसुंधराराजे दोनदा मुख्यमंत्री झाल्या. घरच्या राज्यात मात्र नाही. इतकी ताकद असलेल्या महालाला भोपाळची खुर्ची का मिळाली नाही, हा प्रश्न धरून या घराण्याची सत्तर वर्षं वाचली, तर बऱ्याच सुट्या गोष्टी जुळून येतात.

कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेड या मूळ गावापासून सुरुवात करायची तर राणोजी, दत्ताजी, बुराडी घाट, पानिपत, महादजी हे सगळं आलं, आणि ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. इथे लागणारी गोष्ट पुढची आहे. महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांच्यामागून आलेल्या दौलतरावांनी १८१० च्या सुमारास उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ टाकला. तो तळ, म्हणजे लष्कर, हेच पुढे राजधानीचं शहर झालं. इंग्रजी अमदानीत २१ तोफांच्या सलामीचा मान मोजक्या पाच संस्थानांना होता. हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर, बडोदा आणि ग्वाल्हेर.

१९४८ साली संस्थानं विलीन झाली तेव्हा आधी मध्य भारत नावाचं राज्य झालं. जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख होते, आणि ग्वाल्हेर त्याच्या दोन राजधान्यांपैकी एक. दुसरी होळकरांचं इंदूर. १ नोव्हेंबर १९५६ ला हे राज्य नव्या मध्य प्रदेशात विरघळलं. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. ग्वाल्हेरच्या वाट्याला महसूल मंडळ आणि महालेखापालांची कचेरी आली. नकाशा समोर धरला की पुढचं सगळं राजकारण त्यातच दिसू लागतं. कालपर्यंत राजधानी असलेलं शहर एका अवाढव्य राज्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात जाऊन पडलं. ग्वाल्हेर-चंबळ भागात आज विधानसभेच्या २३० पैकी ३४ जागा आहेत. तराजू अगदी समतोल असेल तेव्हा ३४ जागा कुणालाही खाली खेचू शकतात. राज्य चालवायला त्या पुरत नाहीत.

विजयाराजेंचा जन्म १९१९ चा, सागरचा. माहेरचं नाव लेखा दिव्येश्वरी. वडील सरकारी अधिकारी, आईकडून नेपाळच्या राणा घराण्याशी नातं. १९४१ मध्ये जिवाजीरावांशी लग्न झालं आणि मराठा दरबारातले रीतिरिवाज, नऊवारी, पंगती, पडदा, सगळं त्यांना नव्याने शिकावं लागलं. राजकारणात त्या आपखुशीने उतरल्या असं म्हणता येत नाही. पन्नाशीच्या दशकात ग्वाल्हेर-गुणा भागात हिंदू महासभेचा जोर होता, महाराजांचा कलही तिकडेच असल्याचा दिल्लीला संशय होता. तो फिटावा म्हणून महालातून काँग्रेसला उमेदवार द्यायचा ठरला, आणि महाराजांच्या ऐवजी महाराणी उभ्या राहिल्या. १९५७ साली गुण्यातून त्यांनी हिंदू महासभेच्या वि. घ. देशपांडे यांना हरवलं. जी बाई पुढे हिंदुत्ववादी राजकारणाची राजमाता झाली, तिची पहिली निवडणूक हिंदुत्ववादी उमेदवाराविरुद्ध होती. माणसाने पक्ष निवडावा असं ते प्रकरणच नव्हतं. राज्यकर्त्यांशी जुळवून घेण्याची ही संस्थानी रीत होती.

१९६१ मध्ये जिवाजीराव गेले आणि बाईंचं स्वतःचं राजकारण सुरू झालं. मुख्यमंत्री मिश्र हे करड्या शिस्तीचे, राजेरजवाड्यांना वचकून न राहणारे गृहस्थ. मार्च १९६६ मध्ये जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात बस्तरचे प्रवीरचंद्र भंजदेव मारले गेले. त्याच वर्षी ग्वाल्हेरात विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर गोळी चालली. विजयाराजे भेटायला गेल्या तेव्हा मिश्रांनी त्यांना ताटकळत ठेवलं आणि पचमढीच्या सभेत राजांना टोमणे मारले, असं सांगतात. एवढं पुरेसं होतं. १९६७ च्या निवडणुकीत त्यांनी गुणा लोकसभा स्वतंत्र पक्षाकडून लढवली आणि करैरा विधानसभा जनसंघाकडून. दोन्हीकडे जिंकल्या. मग लोकसभा सोडून विधानसभेत येऊन बसल्या, मिश्रांच्या समोर. त्यांनी रिकामी केलेल्या गुण्याच्या जागेवर पोटनिवडणुकीत आचार्य कृपलानी निवडून आले. ज्यांचा त्या मातीशी काही संबंध नाही अशा वृद्ध नेत्यालाही महालाच्या शब्दावर मतं पडत होती.

जुलैमध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले. त्यांना भोपाळहून आधी ग्वाल्हेरला, मग दिल्लीला हलवण्यात आलं. फुटलेले आमदार बसमध्ये घालून दूर नेऊन ठेवायची जी पद्धत आज आपल्या अंगवळणी पडली आहे, तिचा हा एक आद्य प्रयोग. फरक इतकाच की तेव्हा रिसॉर्ट नव्हते, महाल होता. मिश्र सरकार पडलं आणि संयुक्त विधायक दल या नव्या आघाडीच्या नेत्या म्हणून विजयाराजे पुढे आल्या. मुख्यमंत्री व्हायला त्यांना त्या दिवशी कुणीच अडवलं नसतं. त्यांनी ते पद फुटीर गटाच्या गोविंद नारायण सिंहांना दिलं.

त्याग म्हणून याचं कौतुक झालं, अजूनही होतं. मला ते पुरतं पटत नाही. राजमातेने सचिवांच्या फाईली काढत बसावं, रोज चाळीस आमदारांची मनधरणी करावी, ही कल्पनाच महालाला मानवणारी नव्हती. शपथ देणाऱ्याच्या भूमिकेत महाल रमत होता. परिणाम व्हायचा तो झाला. गोविंद नारायण सिंह दोन वर्षंही टिकले नाहीत, पुन्हा काँग्रेसच्या वळचणीला गेले, आणि १९६९ च्या मार्चमध्ये श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री झाले. पुढे जनसंघाचं अध्यक्षपद चालून आलं तेही बाईंनी घेतलं नाही. १९८० मध्ये भाजप स्थापन झाला, त्या उपाध्यक्ष झाल्या, अयोध्या आंदोलनाच्या आघाडीवर राहिल्या, पक्षाला पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही दिली. सत्तेचं पद मात्र कधी भूषवलं नाही.

१९७१ मध्ये महालाची ताकद शिगेला पोचली होती. देशभर इंदिरा गांधींची लाट, आणि भिंडमधून विजयाराजे, गुण्यातून त्यांचे २६ वर्षांचे चिरंजीव माधवराव, ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी असे तिघेही जनसंघाच्या बाजूने निवडून आले. त्याच वर्षाच्या शेवटी तनखे बंद झाले. मग आणीबाणी. महालावर छापे पडले, राजमाता तिहारमध्ये गेल्या, तिथे जयपूरच्या गायत्रीदेवी आधीपासून होत्याच. माधवराव त्या काळात देशाबाहेर होते. आई तुरुंगात आणि मुलगा सुखरूप, ही ठसठस पुढे कायम राहिली. १९७७ मध्ये माधवराव गुण्यातून अपक्ष उभे राहिले. जनता लाटेत मध्य प्रदेशातल्या ४० जागांपैकी काँग्रेसला एकटं छिंदवाडा मिळालं, तरी माधवराव निवडून आले. १९८० मध्ये ते काँग्रेसच्या चिन्हावर लढत होते, आणि त्याच निवडणुकीत आई रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधींविरुद्ध उभी राहून हरत होती.

घराणं दोन्ही पक्षांत पाय ठेवून होतं, हा सोयीचा डाव होता, असं अनेकांचं मत आहे. डाव असता तर तो इतका कडू झाला नसता. सरदार संभाजीराव आंग्रे हे कान्होजींच्या वंशातले गृहस्थ राजमातेचे उजवे हात होते, आणि माधवरावांच्या गोटाला ते डोळ्यांपुढे नको होते. वाड्यांवरून, जमिनींवरून, दागिन्यांवरून दावे चालले. १९८५ च्या मृत्युपत्रात विजयाराजेंनी मुलाने आपले अंत्यसंस्कार करू नयेत असं लिहून ठेवलं होतं. २५ जानेवारी २००१ ला त्या गेल्या, आणि अग्नी माधवरावांनीच दिला. मृत्युपत्र बाहेर आलं ते त्यानंतर. आठ महिन्यांनी, ३० सप्टेंबरला, कानपूरच्या सभेला निघालेलं माधवरावांचं छोटं विमान मैनपुरीजवळ कोसळलं आणि तेही गेले.

माधवराव हा या घराण्यातला राजकारणी म्हणून सगळ्यात पूर्ण माणूस. विंचेस्टर आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, क्रिकेटवेडे, बोलण्यात मृदू. लोकसभेच्या नऊ निवडणुका लढले, एकही हरले नाहीत. १९८४ ची त्यातली सगळ्यात गाजलेली. वाजपेयी ग्वाल्हेरातून उभे राहणार हे उघड होतं. माधवराव गुण्याचे खासदार. आपण ग्वाल्हेरातून लढणार का, असं वाजपेयींनी त्यांना आधी विचारून घेतलं होतं, आणि तसा विचार नाही असं उत्तर मिळालं होतं. अर्ज भरण्याच्या शेवटच्या घटकेला राजीव गांधींनी माधवरावांना ग्वाल्हेरात उतरवलं. वाजपेयींना दुसरा मतदारसंघ बघायला वेळच उरला नाही. वाजपेयी ग्वाल्हेरचेच, याच शहरात जन्मलेले आणि शिकलेले. राजमाता त्यांच्यासाठी मुलाविरुद्ध मतं मागत हिंडल्या. वाजपेयी पावणेदोन लाख मतांनी पडले. म्हणजे महालातले दोघे समोरासमोर आले तेव्हा लोकांनी गादीवरच्या माणसाला मत दिलं. मागे इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूती होती, हेही खरं.

रेल्वेचं राज्यमंत्रिपद मिळाल्यावर माधवरावांनी जे केलं ते लोकांना आजही आठवतं. आरक्षणाचं संगणकीकरण त्यांच्या काळात वेगाने पसरलं. १९८८ मध्ये पहिली शताब्दी एक्स्प्रेस दिल्लीहून सुटली ती ग्वाल्हेरच्याच दिशेने, झाशीच्या मार्गावर. पुढे नागरी विमान वाहतूक मंत्री असताना, जानेवारी १९९३ मध्ये, इंडियन एअरलाइन्सने भाड्याने घेतलेलं विमान दिल्लीत उतरताना उलटलं. जीवितहानी झाली नाही, तरी त्यांनी राजीनामा दिला. हवाला प्रकरणात नाव आल्यावर १९९६ मध्ये मंत्रिपद सोडलं, तिकीट नाकारलं गेल्यावर स्वतःचा मध्य प्रदेश विकास काँग्रेस पक्ष काढला आणि ग्वाल्हेर राखलं. प्रकरण न्यायालयात टिकलं नाही, ते काँग्रेसमध्ये परतले.

आणि भोपाळ? जानेवारी १९८९ मध्ये चुरहट लॉटरी प्रकरणाने अर्जुन सिंहांना जावं लागलं, तेव्हा राजीव गांधींच्या मनात माधवरावांचं नाव होतं. अर्जुन सिंहांच्या गटाने आमदार घट्ट धरून ठेवले, आणि शपथ घेतली मोतीलाल व्होरांनी. डिसेंबर १९९३ मध्ये पुन्हा माधवरावांचं नाव चर्चेत आलं, पुन्हा अर्जुन सिंहांचा डाव सरस ठरला, आणि खुर्ची दिग्विजय सिंहांकडे गेली. दिग्विजय सिंह राघोगडचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दौलतराव शिंद्यांच्या फौजेने हे छोटं राज्य चेपलं आणि पुढे ते ग्वाल्हेरच्या छायेत राहिलं. राघोगडचा राजा मुख्यमंत्री आणि ग्वाल्हेरचा महाराज खासदार, या उलटापालटीची मजा त्या भागातली म्हातारी माणसं अजून चवीने सांगतात. पण ही जुन्या वैराची गोष्ट नाही. आमदार कुणाकडे होते, ही आहे. दिग्विजय सिंहांनी प्रदेशाध्यक्ष म्हणून राज्यभर माणसं जोडली होती. माधवरावांचे आमदार ग्वाल्हेरपासून गुण्यापर्यंत होते. महाकोशल, विंध्य, माळव्यात त्यांना मान होता, माणसं नव्हती.

मान होता तो कशामुळे? दसऱ्याला ग्वाल्हेरात गेलं तर याचं उत्तर अंशतः मिळतं. सकाळी घराण्याचा प्रमुख दरबारी पोशाखात, शिंदेशाही पगडी घालून, महाराज बाड्यावरच्या गोरखीतल्या देवघरात पूजा करतो. संध्याकाळी मांढरे की माता मंदिराच्या आवारात शमीपूजन होतं. तलवार शमीला लावली की जुन्या सरदार घराण्यातली फेटेबाज मंडळी आणि मागे उभे असलेले कार्यकर्ते पानांवर झडप घालतात. सोनं लुटणं हे तिथल्या हिंदी भाषकांना मूळचं परकं, पण आता त्यांचंही झालेलं. ती पानं घेऊन माणसं ‘महाराज’ना मुजरा करतात, त्यात आमदार असतात, कंत्राटदार असतात, बदलीसाठी आलेला एखादा मास्तरही असतो. घराण्याचं कुलदैवत जोतिबा; माधवरावांच्या मुलाचं ज्योतिरादित्य हे नावही तिथूनच आलेलं.

सोहळ्यांवर निवडणुका जिंकता येत नाहीत. त्यामागे एक ठोस ठेवा आहे, तो १९२५ साली पॅरिसमध्ये वारलेल्या माधव महाराजांचा, म्हणजे जिवाजीरावांच्या वडिलांचा. धरणं, कालवे, नॅरोगेजची रेल्वे, शाळा, गिरणीला दिलेली जागा. शहराला पाणी पुरवणारं तिघऱ्याचं धरण त्यांच्याच काळातलं. ग्वाल्हेरची सुधारणा म्हणजे महाल, ही सांगड तेव्हा बसली आणि नंतरच्या सरकारांनी त्या भागाकडे दुर्लक्ष करून ती पक्की केली.

आणखी एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चंबळचं राजकारण जातीचं आहे. ठाकूर, ब्राह्मण, गुर्जर, यादव, किरार, जाटव, सगळे एकमेकांना पाण्यात बघतात. शिंदे मराठे, त्यांची जात तिथे नगण्य. म्हणून महाल कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. दोन जातींच्या भांडणात तिसरा पंच म्हणून तो चालतो. पण मंडलनंतरच्या काळात मुख्यमंत्री निवडताना पक्ष नेमकं हेच विचारू लागले: मागे कुठली जात आहे? भाजपचे उमा भारती, बाबूलाल गौर, शिवराज सिंह चौहान, मोहन यादव, चौघेही ओबीसी. जे बळ गुण्यात उपयोगी पडतं तेच भोपाळच्या वाटेवर उणं पडतं.

त्या भागात महालाचा एक जुना व्रणही आहे. जून १८५८ मध्ये झाशीची राणी आणि तात्या टोपे ग्वाल्हेरवर आले तेव्हा जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. राणीची समाधी महालापासून जवळच आहे. सुभद्राकुमारी चौहान यांच्या शाळाशाळांतून पाठ केल्या जाणाऱ्या कवितेत शिंद्यांवरचा टोला आहेच. बजरंग दलाचे जयभान सिंह पवैया यांनी याच आठवणीवर राजकारण उभं केलं, पुढे समाधीपाशी बलिदान मेळाही भरवला. १९९८ मध्ये त्यांनी माधवरावांचं मताधिक्य २६ हजारांवर आणून ठेवलं. पुढच्या वर्षी माधवराव गुण्याला गेले, ग्वाल्हेरला परतले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये, भाजपमध्ये आल्यानंतर, ज्योतिरादित्य त्या समाधीपुढे जाऊन वाकले. जयाजीरावांनी जे घालवलं ते पक्षांतराने थोडं परत आणलं.

ज्योतिरादित्यांची गोष्ट ताजी आहे, म्हणून थोडक्यात. २००२ मध्ये वडिलांच्या जागेवर गुण्यातून खासदार, मनमोहन सिंग सरकारात मंत्री. २०१८ मध्ये काँग्रेसला ११४ जागा मिळाल्या, त्यात ग्वाल्हेर-चंबळच्या ३४ पैकी २६. घराण्याला एवढा स्पष्ट हक्क पूर्वी कधी नव्हता. मुख्यमंत्री झाले कमलनाथ. २०१९ मध्ये गुण्यात, एकेकाळी त्यांच्याच मागे फिरलेले के. पी. यादव भाजपतर्फे उभे राहिले आणि महाराज सव्वा लाख मतांनी हरले. गुण्यात महालाचा माणूस पडणं ही अघटित गोष्ट होती. १० मार्च २०२० ला, माधवरावांच्या पंचाहत्तराव्या जयंतीदिवशी, ज्योतिरादित्यांनी काँग्रेस सोडली. २२ आमदार बंगळुरूजवळ ठेवलेले होते. २० मार्चला कमलनाथ गेले, २३ मार्चला शिवराज चौहानांनी शपथ घेतली. फुटीरांना बरीच मंत्रिपदं मिळाली, ज्योतिरादित्यांना राज्यसभा आणि वर्षभराने केंद्रात विमान वाहतूक, वडिलांचंच जुनं खातं. २०२४ मध्ये गुण्यातून ते पाच लाखांहून अधिक मतांनी परत आले.

बाकी मराठा घराण्यांशी तुलना केली तर ही चिकाटी ठळक होते. बडोद्याचे गायकवाड काही काळ लोकसभेत होते, मग बाजूला झाले. इंदूरच्या होळकरांनी निवडणुकीचं राजकारण मनावर घेतलंच नाही. साताऱ्यात उदयनराजेंनी २०१९ मध्ये पक्ष बदलून लगेच पोटनिवडणूक लढवली, आणि भर पावसातल्या शरद पवारांच्या सभेनंतर ते पडले. ज्योतिरादित्यांनी तो धोका पत्करला नाही, राज्यसभेत बसून चार वर्षं हवा निवळू दिली.

भाजपमध्ये येऊन खुर्चीचा प्रश्न सुटला का? १२ डिसेंबर २०२३ ची जयपूरची बैठक आठवून बघावी. राजनाथ सिंहांनी वसुंधराराजेंच्या हाती एक चिठ्ठी दिली. दोन वेळा मुख्यमंत्री राहिलेल्या, २०१३ मध्ये २०० पैकी १६३ जागा आणून दाखवलेल्या बाईंनी ती उघडली, आणि पहिल्यांदाच आमदार झालेल्या भजनलाल शर्मांचं नाव त्यांना वाचून दाखवावं लागलं. त्याच्या आदल्याच दिवशी भोपाळमध्ये मोहन यादव यांची निवड झाली होती. ते उज्जैनचे. महाकाल हाच उज्जैनचा राजा, दुसऱ्या राजाने तिथे रात्री मुक्काम करू नये, अशी समजूत आहे. यादवांनी मुख्यमंत्री झाल्यावर तिथे मुक्काम केला, आणि शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली तेव्हा ही समजूत सोयीसाठी पसरवली गेली, असंही जाहीरपणे सांगितलं.

महालातली पुढची पिढी आता बाहेर पडते आहे. ज्योतिरादित्यांचे चिरंजीव महानआर्यमन सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, मध्य प्रदेश क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले. याच खुर्चीवर आधी आजोबा होते, मग वडील. निवडणूक बिनविरोध झाली.